पंधरा पावलं

दोस्तांनो, एक गंमत कधी तुमच्या लक्षात आली आहे का? आजारी तुम्ही असता. घसा तुमचा दुखत असतो. स्टुलावर बसून 'आ' करता तेही तुम्हीच. पण डॉक्टर विचारतात मात्र आईला! "काय होतंय याला? जेवतो का नीट? झोप लागते?" आणि आईसुद्धा सांगून मोकळी होते, "अहो, काही खात नाही हो, नुसता त्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो." मोबाइलचा आणि घशाचा संबंध काय, असं विचारायची सोय नसते. तुम्ही आपले वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसता.

यात सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणं बरोबर नाही. बाहेर बाकावर तीस पेशंट ताटकळलेले असतात, आणि आई भराभर सांगते, मूल अडखळत सांगतं. पण एका मुलाच्या बाबतीत जे होतं, तेच सगळ्या दवाखान्याच्या बाबतीतही होतं. खिडकी किती उंच असावी, नाव मोठ्यानं पुकारावं की नाही, वॉर्डात आई राहू शकेल का, शाळेतल्या मुलामुलींनी कोणत्या वेळी यायचं, हे सगळं मोठी माणसं ठरवतात. मुलांना विचारतो कोण?

काही ठिकाणी विचारलं गेलं, बरं का! मुलांनी आपला रविवार आणि सुट्टी खर्च करून, एक पैसा न घेता उत्तरं दिली आणि दवाखाने थोडेथोडे बदलले. आजची हकिगत त्यांची. ती बरीचशी इंग्लंडमधली आहे, कारण या कामाची पद्धतशीर घडी तिथे लवकर बसली. शेवटी आपण आपल्या गावात येऊच.

पण आधी सत्तर-पंचाहत्तर वर्षं मागे जाऊ. तेव्हा इंग्लंडमध्ये मूल इस्पितळात ठेवलं, की आईवडिलांना भेटीची वेळ मोजून मिळायची. कुठे आठवड्यातून एक-दोनदा तासभर, तर कुठे त्याहूनही कमी. रोगजंतू बाहेरून येतील ही एक भीती. दुसरं कारण असं सांगत, की आई आली की मूल रडतं आणि गेली की आणखीच रडतं, त्यापेक्षा न आलेली बरी! पहिले एक-दोन दिवस रडून मूल गप्प झालं, की नर्सबाई म्हणायच्या, "रुळला हो." सगळ्यांना ते खरंच वाटायचं.

जेम्स रॉबर्टसन नावाच्या एका समाजसेवकाला मात्र ते पटेना. त्याला वाटायचं, गप्प झालेलं मूल रुळलेलं नाही, ते आतून खचलेलं आहे. पण सांगून ऐकणार कोण? तो काही डॉक्टर नव्हता. मग त्याने एक साधा कॅमेरा मिळवला आणि १९५२ मध्ये एक फिल्म तयार केली. लॉरा नावाची अडीच वर्षांची मुलगी एका छोट्या ऑपरेशनसाठी आठ दिवस इस्पितळात होती, तिची ही फिल्म. तुम्ही मुद्दाम रडण्याचेच क्षण टिपलेत, असं कुणी म्हणू नये म्हणून तो रोज ठरलेल्या वेळी चित्रीकरण करायचा आणि भिंतीवरचं घड्याळही चित्रात घ्यायचा. हुशारी बघा!

लॉरा फारशी रडत नाही. ती शहाण्यासारखी वागते. मधूनच विचारते, आई कुठे आहे? आणि पुन्हा गप्प. आठव्या दिवशी आई न्यायला येते, तेव्हा ती कपडे घालून चालायला लागते, पण आईचा हात धरत नाही.

ही फिल्म पाहून पुष्कळ डॉक्टर चिडले. इस्पितळांची बदनामी चालली आहे, म्हणाले. पण एकदा पाहिलेलं विसरता येईना. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीचा सरकारी अहवाल आला. मुलांना भेटायला आईवडिलांना वेळेचं बंधन नको, अशी शिफारस त्यात होती. तरी सगळी इस्पितळं लगेच ऐकतील तर शपथ! शेवटी १९६१ मध्ये लंडनच्या काही आयांनी मिळून संघटना काढली आणि इस्पितळांच्या मागे लागल्या. आज मुलांच्या वॉर्डात आईसाठी खाट टाकतात, त्यामागे एवढी ओढाताण आहे.

लॉरा अडीच वर्षांची होती. आपल्याला काय होतंय ते सांगायला तिच्यापाशी शब्द नव्हते, म्हणून कॅमेरा लागला. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला कॅमेरा कशाला हवा? त्याला विचारलं की झालं. पण हे सुचायलाही आणखी काही वर्षं जावी लागली.

१९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला. त्यातलं बारावं कलम म्हणतं, की मुलांशी संबंध असलेल्या बाबतीत आपलं मत मांडायचा त्यांना हक्क आहे आणि वय, समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. वजन हा शब्द लक्षात ठेवा. मुलं म्हणतील तेच झालं पाहिजे, असं कलम म्हणत नाही. पण ऐकलं आणि सोडून दिलं, असंही चालणार नाही. भारतानं हा करार १९९२ मध्ये मान्य केला.

इंग्लंडमध्ये २००५ साली सरकारनं एक यादी छापली. नाव होतं 'यू आर वेलकम', म्हणजे 'या, तुमचं स्वागत आहे'. एखादा दवाखाना किशोरवयीन मुलामुलींना आपला वाटतो की नाही, हे तपासण्याची ती यादी. मुलगा एकटा आला तर त्याला भेटतात का? त्यानं सांगितलेलं गुप्त ठेवतात का, आणि गुप्त ठेवतात हे त्याला सांगतात का? कर्मचाऱ्यांना या वयाच्या मुलांशी बोलायचं शिकवलंय का? आणि मुख्य म्हणजे, दवाखान्याची पाहणी करताना मुलांना बरोबर घेतात का? कितीतरी ठिकाणी मुलंच हातात कागद घेऊन तपासनीस म्हणून गेली. कल्पना करा, शाळेत इन्स्पेक्टर येतो तसे तुम्ही दवाखान्यात!

लंडनला ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट नावाचं मुलांचं प्रसिद्ध इस्पितळ आहे. १८५२ मध्ये दहा खाटांवर सुरू झालेलं. 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांनी १९२९ मध्ये आपल्या पुस्तकाचे हक्कच या इस्पितळाला देऊन टाकले होते. तिथे तरुण मुलांचं एक मंडळ आहे. तिथेच उपचार घेतलेली मुलं आणि त्यांची भावंडं त्यात असतात. भावंडं कशाला, असं वाटलं ना? अहो, घरात एक मूल आजारी असलं, की कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर तासन्‌तास बसणारी ताई किंवा धाकटा भाऊ इस्पितळ जेवढं पाहतो, तेवढं कुणीच पाहत नाही. इंग्लंडमध्ये अशी मंडळं आता कितीतरी इस्पितळांत आहेत, आणि २०१४ मध्ये तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं सगळ्या देशासाठीच तरुणांचं एक मंडळ नेमलं.

ही मुलं करतात तरी काय? रुग्णांसाठी छापलेली पत्रकं वाचून सांगतात, की हे वाक्य आम्हाला कळलं नाही. जेवण चाखतात. नवी इमारत बांधायची असेल तर नकाशा पाहतात. आणि मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे नव्या कर्मचाऱ्यांची मुलाखत! काही इस्पितळांत मुलांच्या वॉर्डासाठी माणूस निवडताना मुलांचंही पॅनेल बसतं आणि प्रश्न विचारतं. मी तिथे बसलो असतो तर एकच प्रश्न विचारला असता: "इंजेक्शन देताना 'अजिबात दुखणार नाही' असं तुम्ही मुलांना सांगता का?" हो म्हणणाऱ्याला नापास.

आता त्या पंधरा पावलांबद्दल. इंग्लंडमधल्या एका बाईंच्या मुलीला वरचेवर इस्पितळात ठेवावं लागे. त्या एकदा म्हणाल्या, की वॉर्डात पंधरा पावलं टाकली की माझ्या मुलीची इथे कशी काळजी घेतली जाणार ते मला कळतं. हे बोलणं कुणीतरी मनावर घेतलं आणि त्यातून पाहणीची एक पद्धतच तयार झाली. तिचं नावही पंधरा पावलांवरूनच ठेवलं. तीन-चार जणांच्या गटानं दारातून आत यायचं, पंधरा पावलं चालायचं, थांबायचं, बघायचं, ऐकायचं, वास घ्यायचा. मग चार गोष्टींचा विचार करायचा. इथे माझं स्वागत होतंय का? सुरक्षित वाटतं का? माझी काळजी घेतील, मला विचारतील असं वाटतं का? आणि इथे सगळं नीटनेटकं, शांत आहे का? थर्मामीटर नको, पदवी नको. डोळे, कान आणि नाक पुरे.

मोठ्यांच्या नजरेला सवयीमुळे दिसेनासं झालेलं नव्या माणसाला आणि लहान मुलाला लगेच दिसतं. भिंतीवरचा तक्ता मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला असतो. 'शांतता राखा' या पाटीखालीच कुणीतरी नाव पुकारत असतं, तेही आजारासकट. यात वैद्यकशास्त्र कुठे आलं? पण चौदा वर्षांची मुलगी याच एका कारणानं दाराशी येऊन परत जाऊ शकते.

मात्र या सगळ्यात एक ठकवणारी जागा आहे. तुम्हीही तिथे कधी ना कधी उभे राहिला असाल.

प्रभातफेरी आठवते ना? पांढरा गणवेश, डोक्यावर कागदी टोपी, हातात फलक. फलकावर काय लिहिलंय ते निम्म्यांनी वाचलेलं नसतं, कारण तो पुढच्या बाजूला असतो! पाहुणे येतात, फोटो निघतो, बिस्किटाचा पुडा मिळतो. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, 'आरोग्य अभियानात विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग'.

रॉजर हार्ट या अमेरिकेत काम करणाऱ्या अभ्यासकानं १९९२ मध्ये युनिसेफसाठी एक पुस्तिका लिहिली. त्यात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी आहे. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. सगळ्यात खाली मुलांना वापरून घेणं. त्यावर मुलांना शोभेला उभं करणं. तिसरीवर एक-दोन मुलांना व्यासपीठावर बसवायचं, पण त्यांच्या बोलण्यानं काहीच ठरायचं नाही, म्हणजे नावापुरतं. वरच्या पायऱ्यांवर मुलांना आधी नीट माहिती देतात, मग त्यांचं मत घेतात, मग त्यांच्याबरोबर बसून ठरवतात. सर्वांत वरच्या पायरीवर मुलं एकटीच असतील असं मला वाटलं होतं. पण तसं नाही. तिथे काम मुलं सुरू करतात आणि मोठ्यांना बरोबर घेऊन निर्णय करतात.

तेव्हा कुणी तुम्हाला आरोग्याच्या कामाला बोलावलं, की जरूर जा, फलक धरायलाही जा. पण एक प्रश्न हळूच विचारून ठेवा: "आम्ही जे सांगू, त्याचं पुढे काय होणार? आम्हाला कधी कळवाल?" उत्तर मिळालं तर तुम्ही वरच्या पायरीवर आहात. नुसतंच हसले तर बिस्किटाचा पुडा घ्या आणि घरी या.

आता येऊ आपल्याकडे. विचारल्यानं काय होतं याचं एक सुरेख उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी माणसं मोठ्या इस्पितळात यायला घाबरतात, हे पाहून त्यांनी लोकांनाच विचारलं, की असं का? लोकांनी सांगितलं, तिथली माणसं पांढरे कपडे घालतात, आणि पांढरं कापड आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. पेशंटच्या माणसांना राहायला जागा नसते. आणि तिथे देवही नाही. मग शोधग्रामचा दवाखाना गोंडांच्या गावासारखा, झोपड्याझोपड्यांचा बांधला गेला. नातेवाईक पेशंटजवळ राहू लागले आणि दवाखान्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. ही गोष्ट मोठ्यांची आहे खरी, पण पांढऱ्या कपड्यांची भीती कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात सापडली नसती, ती विचारल्यावरच कळली.

तुमच्या वयासाठी केंद्र सरकारनं ७ जानेवारी २०१४ रोजी 'राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू केला. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी. २०११ च्या जनगणनेत या वयाची मुलं देशात २५ कोटींच्या वर होती, म्हणजे काम केवढं बघा! सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी वेगळे दवाखाने निघाले. महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री' असं छान नाव आहे. तिथे समुपदेशक असतात. शरीरात होणारे बदल, पाळी, खाणंपिणं, मनावरचा ताण, तंबाखूसारखी व्यसनं, कशाबद्दलही विचारावं. शिवाय योजनेत गावपातळीवर तुमच्याच वयाचे स्वयंसेवक आहेत, दोन मुलं आणि दोन मुली. त्यांना शिकवतात आणि ते मित्रमैत्रिणींना सांगतात. यासाठी पगार नाही.

ही योजना कागदावर चांगली आहे. सगळीकडे ती सारखी चालते असं मात्र म्हणवत नाही. कुठे प्रशिक्षण होतं, टोपी मिळते आणि पुढची बैठकच होत नाही. आणि या मुलांचं काम बहुतेक वेळा वरून आलेली माहिती खाली पोचवणं एवढंच राहतं. खालची माहिती वर कोण नेणार?

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी ती निळी गोळीच घ्या. लोहाची गोळी. ती का देतात? २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींत ५९ जणींना आणि दर १०० मुलांत ३१ जणांना रक्तक्षय आढळला. म्हणजे गोळी गरजेची आहे, यात वाद नाही. पण ती कितीदा बेंचखाली किंवा खिडकीबाहेर जाते, हे शिक्षकांपेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक! का जाते? रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं. दुसऱ्या दिवशी शौचाला काळी होते आणि मूल घाबरतं. दोन्ही गोष्टी या गोळीनं होतातच. काळ्या रंगाला घाबरायचं कारण नाही, आणि मळमळ टाळायला गोळी जेवणानंतर घ्यायची असते. आता समजा, एखाद्या शाळेत ती पहिल्या तासाला वाटतात. गोळ्या किती वाटल्या याचा आकडा वर जाईल. गोळी पहिल्या तासाला नको, दुपारच्या जेवणानंतर द्या, एवढी साधी गोष्ट मात्र वर्गातल्या एखाद्या मुलीनं मुख्याध्यापकांना किंवा आरोग्यसेविकेला सांगितल्याशिवाय कळणार नाही. आरोग्यसेवा घडवणं म्हणजे काही मंत्रालयात जाऊन बसणं नव्हे. कधीकधी ते पहिल्या तासाची गोळी चौथ्या तासानंतर नेणं असतं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर पंधरा पावलांपासून सुरुवात करा. तुमच्या भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नगरपालिकेचा दवाखाना निवडा. आधी शिक्षकांमार्फत तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घ्या. न विचारता वहीपेन घेऊन घुसलात तर सिस्टर हाकलून देतील, आणि त्यांचं बरोबरच असेल! तीन-चार जणंच जा. पेशंटच्या अंगावरून उड्या मारत फिरू नका, फोटो काढू नका, आणि कोण कशासाठी आलं होतं हे बाहेर बोलायचं नाही. दवाखान्यातलं दवाखान्यात. दोस्तानं विश्वासानं सांगितलेलंही तसंच जपायचं. मात्र त्याच्या जिवाला धोका आहे किंवा कुणी त्याला त्रास देतंय असं वाटलं, तर मग गुपित न ठेवता विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचंच.

पाहून झालं की चांगलं काय दिसलं ते आधी लिहा. औषधाच्या खिडकीवरच्या ताई प्रत्येकाला दोनदा समजावून सांगत असतील, तर तेही लिहा. त्यांना असं कुणी कधी सांगत नाही. मग बदलण्यासारख्या दोनच गोष्टी निवडा. वीस नको. त्यातली एक अशी, की जिला पैसे लागत नाहीत. पाटी खाली लावणं, मोठ्यानं आजार न पुकारणं, शाळा सुटल्यावर आठवड्यातून एक दिवस मुलांसाठी तासभर वेळ ठेवणं. प्राथमिक आरोग्य केंद्राची एक समिती असते आणि गावात ग्रामसभा भरते. तुमचा कागद तिथपर्यंत न्यायला एखादे शिक्षक, आशाताई किंवा ग्रामपंचायत सदस्य नक्की तयार होतील. एक महिन्यानं पुन्हा जाऊन विचारा.

काय दिसलं, काय सांगितलंत आणि महिन्याभरात काय झालं, हे आम्हाला पत्रानं कळवा. काहीच झालं नसेल तर तसंच कळवा, तीही पत्रं छापू. पत्रावर आपलं वय आणि इयत्ता घाला. दवाखान्याचं आणि पेशंटचं नाव मात्र नको.